बेचिराख: नांदेड-लातूरच्या अवशेषांविषयी लिहिताना

२००३ साली एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत माझा पहिला लेख छापून आला. विषय होता खरोशाची लेणी आणि शीर्षक मीच दिले होते: 'परग्रहावरचे शहर'. लेख छापून आल्यावर चार दिवस मी हवेत होतो. आठवड्याने एक पोस्टकार्ड आले. मजकूर थोडका होता. 'आपला लेख वाचला. या ठिकाणी माणूस फिरकत नाही, असे आपण लिहिले आहे. मी जन्मापासून येथेच राहतो. आपण आलात त्या दिवशी आपल्याला तांब्याभर पाणी दिले, तो मीच.' खाली सही आणि कंसात 'निवृत्त शिक्षक'.

कार्ड अजून माझ्याजवळ आहे. या लेखाचे मूळ तेच, म्हणून आरंभी सांगितले. गुरुजींनी एका वाक्यात माझ्या लेखाचे जे परीक्षण केले होते, त्याचे उत्तर मला वीस वर्षे देता आलेले नाही. मधल्या काळात मी आपल्या दोन जिल्ह्यांतल्या प्राचीन अवशेषांविषयी मराठीत जे काही छापले जाते ते जमवत गेलो. प्रवासलेख, पुरवण्यांतली सदरे, जिल्हा माहितीपुस्तिका, स्मरणिका, प्रबंध. प्रबंध मला आयतेच मिळतात, कारण माझे नांदेडला झेरॉक्स आणि बाइंडिंगचे दुकान आहे. विद्यापीठ १९९४ साली झाले, तेव्हापासून इतिहास-पुरातत्त्वाचे कितीतरी प्रबंध माझ्या हाताखालून काळ्या रेक्झिनची पाठ घेऊन गेले. बांधायला आलेले पुस्तक रात्री घरी नेऊन वाचायचे आणि सकाळी परत आणायचे, एवढेच माझे उच्च शिक्षण. तेव्हा पुढे जे लिहीत आहे त्याला शास्त्राचा दाखला नाही. वाचकाची तक्रार म्हणून ते वाचावे.

तक्रार शब्दांबद्दल आहे. आपल्याकडच्या कोणत्याही पडक्या देवळाविषयी, किल्ल्याविषयी वा धबधब्याविषयी लिहायला बसले की चार-पाच शब्द आपोआप येऊन उभे राहतात: गूढरम्य, अद्भुत, दुर्लक्षित, उपेक्षित, काळाच्या उदरात गडप झालेले. माझ्या कात्रणांच्या खोक्यात हे शब्द नसलेला लेख शोधावा लागतो. शब्द वाईट नाहीत. पण ते एक काम चोखपणे करतात: त्या जागेतून माणूस काढून टाकतात. गूढ असायचे तर कुणाला काही माहीत असून चालत नाही, रम्य असायचे तर तिथे गुरे बांधलेली, वाळवणे घातलेली चालत नाहीत, आणि दुर्लक्षित म्हणायचे तर रोज तिथे दिवा लावणारी बाई मोजता येत नाही.

हा डोळा आपला नाही, हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या जमीनदारांना पडक्या इमारतींचे असे वेड लागले की ज्यांच्या जमिनीत खरे अवशेष नव्हते त्यांनी बागेत नवे कोरे पडके बुरूज बांधून घेतले. त्याच शतकाच्या अखेरीस टॉमस आणि विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे हिंदुस्थानभर फिरले आणि इथली देवळे, घाट, मशिदी त्यांनी त्याच नजरेने चितारल्या. समोर झाड, मागे घुमट, कोपऱ्यात प्रमाण कळण्यापुरता एक पागोटेवाला. तो पागोटेवाला कोण, हे चित्राला विचारायचे नसते. आपल्या पुरवण्यांतले फोटो पाहा, तो अजून तसाच उभा आहे. फक्त हल्ली फोटो काढताना त्याला बाजूला व्हायला सांगतात.

आता खरोशाकडे जाऊ, कारण माझा अपराध तिथला.

खरोसा औसा तालुक्यात. निजामाच्या राज्यात हा मुलूख बीदर जिल्ह्यात होता, म्हणून जेम्स बर्जेसने १८७५-७६ च्या हंगामात केलेल्या पाहणीचा जो अहवाल १८७८ साली निघाला त्यात ही लेणी 'बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेष' या मथळ्याखाली सापडतात, आणि गावाचे नाव 'करूसा' असे पडते. १८८० साली फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी देशभरच्या लेण्यांचा मोठा ग्रंथ काढला, त्यातही ती आहेत. म्हणजे ज्यांना आपण गेली चाळीस वर्षे 'अज्ञात लेणी' म्हणून छापतो ती दीडशे वर्षांपूर्वी मोजून, नकाशे काढून झालेली आहेत.

या लेण्यांचा दगड पाहिला पाहिजे. वेरूळ-अजिंठ्याचा काळा कातळ इथे नाही. इथे आहे जांभा. काळ्या कातळावर लक्षावधी वर्षे ऊन-पाऊस पडून त्यातली वाळूची द्रव्ये धुऊन गेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिले, आणि मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा तांबडा दगड तयार झाला. ताजा कापताना तो मऊ लागतो आणि उघड्यावर आला की टणक होतो. असा दगड लेणे खोदायला सोपा, मूर्ती घडवायला अवघड. बारीक नक्षी त्यात धरतच नाही. सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास इथे शिव-विष्णू आणि रामायण-महाभारतातले प्रसंग कोरले गेले. आज त्या मूर्तींना नाक-डोळे राहिलेले नाहीत. हात आहे, बोटे नाहीत. मुकुटाचा उंचवटा आहे, मुकुट नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या खरोखरच दुसऱ्या कुठल्या लोकातून आल्यासारख्या दिसतात, हे मी आजही नाकारत नाही.

पण हे परलोकपण कोरणाऱ्याने घातलेले नाही, ते दगडाने आणि पावसाने केले आहे. कोरणाऱ्याला हवा होता तो ओळखू येणारा राम, ओळखू येणारा नरसिंह. गावातल्या बाईने बघताक्षणी हात जोडावेत असा. माझ्या मते त्याने जांभ्यावर गिलावा देऊन डोळे-भुवया काढल्या असणार, नाहीतर अशा दगडावर हे प्रसंग कोरायला कुणी धजावलाच नसता. मी मात्र झिजेलाच शैली समजलो आणि 'परग्रहावरचे' असे लिहून मोकळा झालो. ही चूक समीक्षेची आहे, केवळ अतिशयोक्तीची नाही. जुनी पोथी कसरीने खाल्ली तर त्या भोकांना आपण कवीची शैली म्हणत नाही.

आणि दुसरे. मी 'निर्जन' लिहिले तेव्हा त्याच डोंगराच्या माथ्यावर देवीचे ठाणे होते, ते माझ्या लेखात नव्हते. दुपारी लेण्याच्या सावलीत बसलेली गुराखी पोरे माझ्या लेखात नव्हती. त्या पोरांनी मला एकेका दालनाचे त्यांचे नाव सांगितले होते. मी ती नावे लिहून घेतली नाहीत, कारण माझ्या खिशात बर्जेसच्या मजकुराची झेरॉक्स होती.

बर्जेसचा राग करण्याचे कारण नाही. उलट पुन्हा वाचताना तो मला पुरवणी-लेखकांपेक्षा जवळचा वाटतो. तो भारावत नाही. किती फूट लांब, किती रुंद, खांब किती, पडले किती. आपल्या प्रबंधांनी त्याच्याकडून हीच शिस्त घेतली. अडचण अशी की प्रबंधांत ती शिस्त पुढे प्रार्थनेसारखी झाली. 'मंदिर पूर्वाभिमुख असून गर्भगृह, अंतराळ, सभामंडप व मुखमंडप अशी त्याची रचना आहे.' हे वाक्य मी इतक्या वेळा बांधले आहे की कुठल्या देवळाचे ते सांगता येऊ नये. डॉ. गो. बं. देगलूरकर, डॉ. प्रभाकर देव यांच्यासारख्यांनी ही परिभाषा मराठवाड्याच्या मंदिरांसाठी घडवली तेव्हा तिच्या मागे पायपीट होती. नंतरच्यांनी परिभाषा घेतली आणि पायपीट सोडली. एकीकडे भारावलेला पुरवणी-लेख, दुसरीकडे मोजपट्टीचा प्रबंध. दोन्हींत गाव नाही.

आता होट्टल. देगलूर तालुक्यातले हे गाव शिलालेखात पोट्टलनगरी म्हणून येते. अकराव्या-बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलात इथे मोठे नगर होते, आणि सिद्धेश्वराचे देऊळ व त्याच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी पाहायला आता दूरदूरची माणसे येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आमच्या पुरवण्यांनी त्याला नाव दिले 'मराठवाड्याचे खजुराहो'. हे बिरूद ज्याने प्रथम लावले त्याला होट्टलची जाहिरात करायची असेल, हेतूबद्दल शंका नाही. पण परिणाम पाहा. खजुराहो चंदेलांचे, उत्तरेकडच्या नागर शैलीचे, शेकडो कोस दूर. होट्टलचा जीव लागलेला आहे कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला. ते इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे, फक्त मध्ये राज्याची सीमा आली. या भागातले त्या काळचे कितीतरी शिलालेख कन्नडात आहेत. श्रीनिवास रित्ती आणि शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातले कोरीव लेख वाचून १९६८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. ते पुस्तक उघडले की आपला जिल्हा एकदम वेगळा दिसू लागतो. दान देणारे कोण, तेलाच्या घाण्यावर कर किती, देवाच्या दिव्याला तेल कुठून, असा हिशेबी मजकूर आणि त्याची भाषा पुष्कळदा कन्नड. म्हणजे होट्टलला जाणाऱ्या वाचकाला जर एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही की तुमच्या आजच्या मराठी जिल्ह्याचा पाया कन्नड बोलत होता. खजुराहो म्हटले की ही गोष्ट सांगायची राहूनच जाते, आणि वाचक तिथे जाऊन फक्त सुरसुंदरी मोजतो.

निलंग्याला तर असे बिरूद कुणी दिले नाही, म्हणून तिथे गर्दी नाही. नीलकंठेश्वराचे हे देऊळ तारकाकृती पायावर उभे असून त्याला तीन गर्भगृहे आहेत आणि त्यात हरगौरीची मूर्ती आहे. पूजा चालू आहे. घंटा वाजते, नारळ फुटतो, फरशी ओली असते. आणि मला वाटते नेमके याचमुळे पर्यटनाच्या यादीत ते मागे पडते. चालू देऊळ 'अवशेष' होऊ शकत नाही. ज्याचा उपयोग संपला तेच आपल्याला बघण्यालायक वाटते, ही आपल्या यादीची छुपी अट आहे.

ही अट सर्वांत उघडी पडते ती कंधारला.

कंधारचे नाव काढले की आजही कुणीतरी अफगाणिस्तानचे विचारतो. फारसी बखरकारांनाही हा घोळ होता, म्हणून ते याला दख्खनचे कंधार म्हणत. मोगलांनी १६३१ साली हे कंधार घेतले आणि तिकडचे त्यांना १६३८ साली मिळाले. किल्ला भुईकोट आहे, भोवती खंदक, आत दरवाजांमागून दरवाजे. मराठी वाचकाच्या मनात किल्ला म्हणजे डोंगर, दमछाक आणि माथ्यावरचा वारा. सह्याद्रीने आपल्या दुर्गसाहित्याचा असा काही कब्जा घेतला आहे की कंधार, औसा, उदगीर हे तीन उत्तम भुईकोट त्या साहित्यात पाहुण्यासारखे येतात. उदगीर येते ते ३ फेब्रुवारी १७६० च्या लढाईपुरते, सदाशिवरावभाऊंचे बोट धरून, आणि पुढच्या वाक्यात सगळे पानिपतला निघून जातात.

कंधारची कीर्ती मात्र वेगळ्या वस्तूमुळे आहे. इथे एका प्रचंड मूर्तीचे तुकडे सापडले आहेत. पाऊल, पंजा, अवयव. क्षेत्रपालाची मूर्ती म्हणून ती ओळखली जाते. या पावलाशेजारी उभे राहून काढलेला फोटो नसेल असा कंधारवरचा लेख माझ्या खोक्यात नाही. मीही काढला आहे. मूर्ती आहेच तशी. पूर्ण उभी असताना ती केवढी असेल या विचाराने माणूस लहान होतो, आणि लहान होण्यात एक सुख असते.

पण राष्ट्रकूटांनी कंधारात केलेली सर्वांत मोठी वस्तू ती मूर्ती नव्हे. ती आहे तळे. कृष्ण तिसरा (इ. स. ९३९ ते ९६७) याच्या काळाशी जोडला जाणारा जो शिलालेख कंधारला मिळाला त्यात 'जगत्तुंगसमुद्र' असा तलावाचा उल्लेख आहे. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचे बिरूद, आणि तळ्याला समुद्र म्हणण्याची त्या काळची ऐट. हे तळे अजून आहे. त्यात पाणी आहे. हजार वर्षे आहे. माणसे, ढोरे, बगळे, कपडे धुणे सगळे चालू आहे. आणि म्हणूनच कंधारच्या अवशेषांच्या यादीत ते बहुधा शेवटच्या ओळीत 'जवळच एक तलावही आहे' असे येते. फुटले असते तर पहिल्या ओळीत आले असते. बांध खचून मधून झाडे उगवली असती, तर गूढरम्य झाले असते.

हे मी विनोदाने म्हणत नाही. राष्ट्रकूट स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, आणि लत्तलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणीतून पिण्याचे पाणी आणावे लागले. ज्या घराण्याचे मूळगाव लातूर, त्या घराण्याने कंधारला बांधलेले तळे हजार वर्षे पाणी धरून आहे, ही गोष्ट पावलाच्या फोटोपेक्षा मोठी आहे. कंधारवरच्या एकाही लेखात ती मी वाचली नाही. माझ्या स्वतःच्या दोन लेखांतही नाही.

निसर्गाच्या बाबतीतही हेच होते. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पाहायला पावसाळ्यात इस्लापूरकडे गाड्यांची रांग लागते. काळ्या कातळाच्या भेगांतून नदी अनेक धारांनी कोसळते, अलीकडे नांदेड, पलीकडे यवतमाळ. त्याला 'नायगारा' म्हणून झाले आहे. वर इसापूरचे धरण आहे आणि नदीला किती पाणी असावे हे त्याने बरेचसे ठरते, हे लेखात येत नाही. उन्हाळ्यात जा. कोरडा कातळ, त्यातले रांजणखळगे आणि तळाशी उरलेल्या डबक्यात पोहणारी पोरे. मला तो अधिक आवडतो, पण ते असो.

देगलूर-बिलोलीकडची ग्रॅनाइटची टेकाडे मात्र खरोखर अनोळखी वाटतात. एकावर एक रचल्यासारखे गोल धोंडे, कुणीतरी खेळ अर्धा टाकून गेल्यासारखे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व अंगाला दख्खनचा काळा कातळ संपतो आणि त्याच्याखालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा ग्रॅनाइट अडीच अब्ज वर्षांच्या घरातला. एसटीच्या खिडकीतून एका तासात आपण हा उंबरा ओलांडतो. यावर मी मराठीत एकही चांगला लेख वाचलेला नाही. लिहिणाऱ्याने माझ्या दुकानात यावे, बाइंडिंग फुकट.

मग अवशेषांसाठी आपल्या भाषेत शब्दच नव्हते का? होते, आणि नेमके होते. गावकऱ्याच्या लेखी जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकणारी, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहून, राख टाकून, भिंती पडून पुन्हा उभ्या राहून जी माती होते ती पांढरी. जुनी वसती उठून गेली तरी पांढर राहते, आणि शेतकरी नांगरताना रंगावरून सांगतो की इथे गाव होते. पुरातत्त्ववाल्याला खड्डा घ्यावा लागतो ते त्याला चालता चालता कळते. उंच राहिली ती गढी. आणि गाव कागदावर आहे पण वस्ती उठली, तर महसुली दप्तरात त्याला म्हणतात बेचिराग. हा फारसी शब्द: चिराग म्हणजे दिवा, ज्याला दिवा नाही ते बेचिराग. आपल्या तोंडी त्याचे बेचिराख झाले, त्यात राख शिरली आणि जाळून टाकल्याचा अर्थ चिकटला. दप्तरातला मूळ अर्थ मात्र किती मोजूनमापून आहे: संध्याकाळी इथे दिवा लागत नाही, म्हणून सारा कुणाकडे मागायचा हा प्रश्न. गूढ नाही, रम्य नाही. लावणारे हात गेले, एवढेच त्यात आहे.

पांढरीचा आणखी एक उपयोग होता, आणि तिथे मला या लेखात नको असलेल्या जागी यावे लागते.

आमच्या भागात घरे माळवदाची. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया, वर किलच, पाला आणि त्यावर मातीचा थर. पाणी धरत नाही म्हणून ती माती पांढरी लागे, आणि पांढरी मिळे गढीवरून, जुन्या पांढरीवरून. दर वर्षी पावसाच्या तोंडाला बैलगाड्या गढीकडे जात आणि माळवदावर नवा थर पडे. जुना काढायची रीत नव्हती. फूट-दोन फूट मातीखाली माणसे निवांत झोपत, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. माझे आजोळ औसा तालुक्यातले. गढीवरच्या मातीत खापराचे तुकडे, बांगड्यांच्या काचा निघत, आम्ही पोरे त्या गोळा करत असू. गेलेले गाव पाटीपाटीने राहत्या गावाच्या छपरावर चढत होते. अवशेष आणि घर यांच्यात आमच्याकडे भिंत नव्हती.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून माणसे झोपली होती. भिंतींचे दगड सुटले आणि माळवदे खाली आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. मी तेव्हा तेविशीत होतो. नांदेडहून पोरांबरोबर ट्रकने गेलो, पाऊस चालू होता, आणि पुढचे काही दिवस हातांनी जे उपसले ते दगड आणि पांढरी माती. खापराचे तुकडे त्यातही होते. मी ते ओळखले, आणि ओळखल्याची मला लाज वाटली. यापेक्षा जास्त मी त्या दिवसांविषयी कधी लिहिलेले नाही, इथेही लिहीत नाही.

पुढे ५२ गावे उठवून नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, रांगेतली घरे. जुन्या जागा तशाच सोडल्या. किल्लारीचे जुने गावठाण आज पाहिले तर बाभळी, गवत, मधूनच जोत्याचे दगड, कुठे एखादा कोनाडा उभा. स्मृतिस्तंभ आहे, दर ३० सप्टेंबरला तिथे मानवंदना होते. आता हे खरोशाच्याच तालुक्यात आहे. एकाच तालुक्यात सातव्या शतकाचे अवशेष आणि माझ्या तरुणपणाचे. पहिल्यावर मी 'परग्रहावरचे शहर' लिहू शकलो, दुसऱ्यावर तसे लिहायला हात धजणार नाही. का? जवळचे आहे म्हणून, हे उत्तर पुरत नाही. खरोशात, होट्टलला, कंधारलाही कुणीतरी शेवटचा दिवा लावला आणि मग लावला नाही. त्यांचे नातेवाईक आज कार्ड लिहायला नाहीत, म्हणून आपण शब्दांच्या बाबतीत मोकळे सुटतो. पण खरोशात तर कार्ड लिहिणारे गुरुजीही होते.

अलीकडे एका हौशी भटक्याने जुन्या किल्लारीचे फोटो दाखवले. धुके, बाभळी, पडकी चौकट. फोटो चांगले होते. खाली त्याने लिहिले होते 'गूढरम्य'. मी त्याला काही बोललो नाही. माझ्याच शब्दाची झेरॉक्स माझ्याकडे परत आली होती.

म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर जुन्या गावठाणात पुन्हा गेलो. शेते जुन्या गावाच्या आसपासच राहिली, त्यामुळे माणसांची ये-जा असतेच. एक म्हातारी मावशी गवत कापत होती. कोण, कुठले विचारून झाले. मग तिने विळ्याने दाखवले, हे आमचं दार, हितं उंबरा, हितं न्हाणी. चौकट कुठाय विचारले तर म्हणाली, ती काढून नव्या घराला लावली, सागवान होतं, टाकायचं कशाला. दगडांकडे बोट केले तर म्हणाली, ते न्हाई नेले. दगड कुणीच न्हाई नेले.

मी वहीत लिहीत होतो. तिने ते पाहिले.

"पेपरात लिवता का तुमी?"

"कधीकधी लिहितो, मावशी."

"मग यवढं लिवा. बघायला येणाऱ्याला म्हनावं, येडी बाभळ लई माजलीया, चप्पल घालून या. आन हीर बुजवलेली न्हाई अजून, त्या अंगाला जाऊ नगा."